नक्षीचा तानपुरा की डागाचा: मिरजेतल्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवलीत शास्त्रीय गायनाचा वर्ग चालवणाऱ्या एका बाईंची ही हकिगत. त्यांचं नाव आणि कारागिरांची ओळख मुद्दाम वगळली आहे. विद्यार्थी त्यांना ताई म्हणतात, तेच संबोधन इथे ठेवतो. मी बरीच वर्षं तानपुऱ्याच्या साथीला बसतो, म्हणून खरेदीच्या वेळी ताईंनी मला सोबत नेलं होतं.

ताईंची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, काळी चार (पेटीवरची चौथी काळी). त्यांचा जुना तानपुरा गुरूंकडून आलेला. एका कार्यक्रमाहून परतताना त्याच्या भोपळ्याला लांब तडा गेला. आतून कापड चिकटवून तो बुजवला, पण तारेची आस (छेडल्यावर लांबत जाणारा नाद) पूर्वीसारखी राहिली नाही. तेव्हापासून वर्गात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर काम चाललं होतं. वर्गाला 15 वर्षं पूर्ण होत असताना पालकांनी वर्गणी काढून ताईंना नवा तानपुरा भेट द्यायचं ठरवलं. 40 हजारांच्या आसपास रक्कम जमली. खरेदीला ताईंबरोबर पालकांपैकी तिघं आले: दोन काकू आणि एक काका.

पैसे अनेकांचे होते, हे या प्रकरणात महत्त्वाचं. ताई स्वतःच्या पैशांनी गेल्या असत्या तर निर्णय तासाभरात झाला असता आणि लिहिण्यासारखं फारसं उरलं नसतं.

मिरजेत तंतुवाद्यं बनू लागून दीडशेहून अधिक वर्षं झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली माणसं या कामाकडे वळली आणि पुढे सतारमेकर म्हणून ओळखली गेली. गायक अब्दुल करीम खाँ (1872-1937) इथेच स्थायिक झाले. ते वाद्यांची दुरुस्ती आणि जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद खुलवण्याचं काम) स्वतःच्या हातानं करत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन असलं तरी इथलं एक वाद्य दुसऱ्यासारखं नसतं. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतांतून, आणि वेलीवर वाढलेल्या दोन भोपळ्यांची जाडी, आकार, वाळण्याची तऱ्हा कधीच एक नसते. त्यामुळे फोटो बघून तानपुरा मागवणाऱ्याला त्याच्या रूपाखेरीज काहीच कळलेलं नसतं.

प्रश्न कुठे उभा राहिला

कारागीर साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. दुकानात काळी चारच्या मापाचे दोन जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचे, तानपुरे तयार होते.

पहिला भरगच्च नक्षीचा. तबलीच्या (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीच्या) कडेनं आणि दांडीवर पांढरी वेलबुट्टी, भोपळ्याच्या खांद्यावर कोरलेली लाकडी पानं, खुंट्यांवरही काम, आणि आरशासारखं चमकणारं गडद तांबूस पॉलिश. पूर्वी असं जडावकाम हस्तिदंताचं असे, आता सेल्युलॉइडचं असतं. किंमत जमलेल्या रकमेला जेमतेम बसणारी.

दुसरा साधा. दांडीवर एकच पट्टी, पानं बेताची. भोपळ्याच्या एका कुशीवर तळहाताएवढा काळपट डाग, कारण वाढताना तो त्या बाजूनं जमिनीला टेकलेला होता. तबलीत घोडीपासून चार बोटांवर एक बुजवलेलं बारीक छिद्र. दांडीचा रंग वरच्या अर्ध्या भागात थोडा फिका. हा भोपळा तीन वर्षं दुकानात वाळत पडला होता आणि डागामुळे कुणी उचलत नव्हतं. किंमत पहिल्याच्या साधारण दोन तृतीयांश.

पालकांचा कौल उघड होता. एक काकू म्हणाल्या, "ताई, भेट म्हणून द्यायचंय. डागाचं वाद्य कसं द्यायचं?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मंचावर गायिकेच्या मागे तानपुरा उभा असतो, तासदीड तास लोकांच्या नजरेसमोर असतो. चांगल्या वाद्यावर चांगलं काम असावं ही अपेक्षा आपल्याकडे जुनी आहे. नक्षीला दिखाऊ म्हणून झटकून टाकणारे गायक मी पाहिले आहेत, मला ते पटत नाही. वेलबुट्टी कोरणारा हात आणि दांडी कोरणारा हात बऱ्याचदा एकाच घरातला असतो.

पहिल्या ऐकण्यातली फसगत

चाचांनी दोन्ही छेडून दाखवले. नक्षीचा दुकानभर घुमला. साधा बसका, कोरडा वाजला. काका लगेच म्हणाले, "बघा, आवाजही याचाच चांगला आहे." ताईसुद्धा क्षणभर घोटाळल्या.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता: हे ऐकणं ग्राह्य धरायचं की नाही. नक्षीचा तानपुरा दर्शनी भागात ठेवलेला, त्याची जवारी आठवड्यापूर्वीच केलेली. साध्याची घोडी नुसती बसवलेली होती. गिऱ्हाईक ठरलं की त्याच्या पट्टीप्रमाणे जवारी करायची, असा रिवाज. तारांचे गेजही (जाडी) वेगळे होते. म्हणजे आम्ही तयार जवारी आणि न केलेली जवारी यांची तुलना करत होतो. वाद्यांची तुलना अजून झालीच नव्हती.

हे फार जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तानपुऱ्याची तार मधोमध छेडतात. तारेच्या साध्या नियमानं तिथे छेडल्यावर दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वरांश (मूळ स्वरात मिसळलेले वरचे स्वर) ऐकू यायला नकोत. तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं. कारण घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यात आहे. तार त्या माथ्याला पुन्हापुन्हा स्पर्शत राहते, आणि मध्ये सारलेल्या दोऱ्यामुळे तो स्पर्श हवा तिथे जमून येतो. तेव्हा तानपुऱ्याच्या आवाजाचा मोठा वाटा त्या बोटभर रुंदीच्या पृष्ठभागावर ठरतो. कुशल हातानं जवारी काढली तर सामान्य भोपळ्याचं वाद्यही दुकानात दहा मिनिटं झळाळतं. जवारी मात्र वाजवून झिजते आणि पुन्हा करावी लागते. भोपळा, तबली, दांडी कायमची.

ताईंनी चाचांना विनंती केली: दोन्हींना एकाच गेजच्या तारा लावा, साध्याची जवारीही काळी चारला करा, आम्ही उद्या येतो. विकत घ्यायचं पक्कं नसताना एवढं काम करून घेणं त्यांना अवघड वाटत होतं. म्हणून त्यांनी तारांचे आणि जवारीचे पैसे आधीच देऊ केले. चाचांनी तारांचे घेतले, जवारीचे घेतले नाहीत. पालकांपैकी एकीला मुक्काम वाढल्याचं जड गेलं. तिच्या घरी परीक्षेचे दिवस होते. तरी त्या थांबल्या.

तोललेले पर्याय

रात्री लॉजवर चर्चा झाली. समोर चार वाटा होत्या.

जुन्या तानपुऱ्याला नवा भोपळा बसवणं. खर्च कमी, गुरूंची आठवण शाबूत. पण भोपळा बदलला की आवाज नव्या वाद्याचा होतो, आणि जुन्या दांडीचा गुलूजवळचा (दांडी भोपळ्याला जुळते तिथला) सांधाही आता सैल होता. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

नवा तानपुरा हवा तसा बनवून घेणं, मनासारखी नक्षी आणि मनासारखा भोपळा. चाचा सहा महिने म्हणत होते. समारंभ गुरुपौर्णिमेला होता, आणि तेव्हा मे महिना चालू होता.

उरले तयार दोन. खरी चर्चा त्यांचीच, आणि ती बराच वेळ नुसत्या डागाभोवती फिरत राहिली. काकांना वाटत होतं की डाग म्हणजे सड. ताईंना तसं वाटत नव्हतं, पण खात्री त्यांनाही देता येईना. दिसणारा दोष नुसता दिसण्यापुरता आहे की आत काही बिघडलंय, हे ठरवल्याशिवाय आवाजाची गोष्ट करण्यात अर्थ नव्हता.

दुसरा दिवस: आधी डोळे, मग कान

सकाळी सगळ्यात आधी डाग तपासला. चाचांनी डागावर आणि बाजूच्या कोऱ्या भागावर बोटाच्या पेरानं टकटक केली. दोन्हीकडे सारखाच टणक नाद. सडलेला किंवा पोखरलेला भाग बद्द वाजतो. नखानं दाबून पाहिलं, साल दबली नाही. काकांनी स्वतः टकटक करून खात्री करून घेतली, आणि तेव्हापासून त्यांचा सूर बदलला.

तबलीतल्या छिद्राला जास्त वेळ दिला. किडीचं छिद्र असेल तर कीड जिवंत आहे का हा प्रश्न असतो. वाद्य आडवं करून, पांढरं कापड अंथरून, तबलीवर हलके ठोके दिले. भुकटी पडली नाही. चाचा म्हणाले, "फळी कापतानाच व्हतं ते. कीड मेलेली. चालू असती तर तीन वर्षांत पीठ पडलं असतं की."

मग त्यांनी आपणहून जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं: "डाग रंगाखाली झाकता येतो, ताई. पण मग तुमच्यापासनं लपवल्यासारखं हुईल."

याउलट नक्षीच्या तानपुऱ्यात एक गोष्ट सापडली. गुलूवरची सेल्युलॉइडची पट्टी एका टोकाला किंचित सुटली होती. दिसायला काहीच नाही, नख घातलं तरच कळावं. पण जोडाच्या तारा (मधल्या दोन, सा च्या) एका ठरावीक स्वराला लावल्या की ती थरथरायची आणि बारीक खरखर यायची. चाचांनी ती तिथल्या तिथे चिकटवली. दुरुस्ती सोपी होती, पण जितकं जडावकाम जास्त तितके सुटू शकणारे सांधे जास्त, हे सगळ्यांना दिसलं.

आता ऐकणं. पालकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. ताई मात्र समोर बसल्या, कारण वाद्य मांडीशी कसं बसतं हेही त्यांना बघायचं होतं. चाचांच्या मुलानं दोन्ही तानपुरे आळीपाळीनं छेडले.

पहिल्यांदा दोरे काढून. दोरा काढला की जवारीची झळाळी बरीचशी जाते आणि खालचं वाद्य उघडं पडतं. नक्षीचा छेडताक्षणी जोरात उठे आणि पटकन ओसरे. साधा हलका उठे, पण खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, पितळी तार बराच वेळ बोलत राही.

मग दोरे घालून, लावून. काळी चारला जोड साधारण 208 हर्ट्झवर, खरज 104 वर. खरजाचा पाचवा स्वरांश 519 च्या आसपास येतो, म्हणजे तार सप्तकातला गंधार. तानपुरा नीट लागला आणि वाद्यात दम असला की हा गंधार कुणी न गाता कानावर येतो. साध्या तानपुऱ्यात तो छेडल्यानंतर क्षणभरानं उमलायचा आणि पुढच्या तारेपर्यंत टिकायचा. नक्षीच्या तानपुऱ्यात झणझण भरपूर होती, गंधार शोधावा लागत होता.

तिघांपैकी एका काकूंनी आणि काकांनी न बघता साधा निवडला. दुसऱ्या काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला काही फरक कळला नाही." आणि पुढे विचारलं, "आम्हाला कळत नाही, तर मुलांना काय उपयोग?"

त्या दोन दिवसांतला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. ताईंनी उत्तर गाऊन दिलं. साध्या तानपुऱ्यावर त्यांनी भूप रागातला गंधार लावला, मग मुद्दाम केसभर चढवला. चढवलेला गंधार वाद्यातल्या गंधाराशी घासला गेला, आणि तो खडबडीतपणा काकूंनाही ऐकू आला. मग तेच नक्षीच्या तानपुऱ्यावर केलं. तिथे घासणं जवळजवळ जाणवलंच नाही, कारण घासायला समोर पुरेसा गंधार नव्हता. "मूल चुकलं की मी सांगते," ताई म्हणाल्या, "पण घरी रियाजाला मी नसते. तेव्हा तानपुऱ्यानं सांगायला हवं."

निर्णय आणि मधली वाट

साधा घ्यायचं ठरलं. पण दिसण्याचा प्रश्न संपला नव्हता, आणि ताईंनी तो संपल्यासारखं दाखवलंही नाही. उरलेल्या पैशांत काही काम करता येईल का, असं त्यांनीच विचारलं. चाचांनी सुचवलं: दांडीच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ, गुलूवर छोटी वेल, दांडीचा रंग एकसारखा. भोपळ्यावर पुन्हा पॉलिश, डाग दिसेल इतकंच पारदर्शक. तबलीला हात लावायचा नाही. तबली पातळ आहे म्हणून बोलते. तिच्यावर पॉलिशचे थर चढवले तर आवाज बंद होतो, असा त्यांचा अनुभव.

हे सगळं तोंडी ठरलं. ताईंनी निघण्याआधी फोनवर दोन्ही तानपुऱ्यांचं ध्वनिमुद्रण केलं होतं, ते पुढे कामाला आलं.

काय झालं

वाद्य जूनच्या शेवटी आलं. दिसायला सुरेख. गुरुपौर्णिमेला डागाबद्दल एकानंही विचारलं नाही. एका लहान मुलीनं तो ढगासारखा दिसतो म्हणून बोट फिरवलं, एवढंच.

आवाज मात्र मिरजेत ऐकला तसा नव्हता. आस होती, पण वरचा उजेड कमी झालेला. जुन्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्यावर भास नाही हे पक्कं झालं. फोन केल्यावर कळलं की पॉलिश करणाऱ्या कारागिरानं भेटीचं वाद्य म्हणून आपुलकीनं तबलीवरही एक हात फिरवला होता. शिवाय डोंबिवलीत तेव्हा मुसळधार पाऊस. मिरजेच्या कोरड्या हवेतून आलेली तबली दमट हवेत किंचित हलते, घोडीचा माथा आणि तार यांचं नातं बदलतं, जवारी बंद होते. पॉलिश किती जबाबदार आणि पाऊस किती, हे वेगळं काढणं शक्य नव्हतं.

तबली खरवडायची का, असा प्रश्न आला. ताईंनी थांबायचं ठरवलं, आणि माझ्या मते तो त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. खरवडणं परत फिरवता येत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर चाचांच्या मुलानं डोंबिवलीत येऊन जवारी पुन्हा केली. आवाज बहुतेक परत आला. पुढच्या पावसाळ्यात तो थोडा बसला, पण पहिल्या वर्षाइतका नाही.

त्या काकूंची मुलगी आता वर्गात तानपुरा लावते. काकूंना फरक कळतो की नाही हे मी विचारलेलं नाही. मुलीला कळतो.

नक्षीचा तानपुरा त्याच महिन्यात गेला. एका मोठ्या आवाजाच्या गायकमंडळासाठी तो घेतला असं चाचांनी सांगितलं. तिथे चटकन उठणारा आवाजच हवा असणार, आणि त्या कामाला तो वाईट नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवसाचं ऐकणं टाळता आलं असतं. येण्याआधी फोन करून दोन-तीन तानपुऱ्यांची जवारी आपल्या पट्टीला करून ठेवायला सांगितलं असतं, तर कोरडा वाजलेला पहिला ठसा पालकांच्या मनात उमटलाच नसता आणि मुक्कामही वाढला नसता.

तबलीला हात लावायचा नाही, हे कागदावर हवं होतं. कारखान्यात काम चार हातांतून जातं: दांडीवाला, नक्षीवाला, पॉलिशवाला, जवारीवाला. चाचांना सांगितलेलं पॉलिशवाल्यापर्यंत पोचेलच असं नाही. वाद्यावरच चिठ्ठी बांधली असती तर पोचलं असतं.

शेवटची जवारी पॉलिशनंतर आणि वाद्य जिथे राहणार तिथे करायला हवी होती. वाद्य आधी पोचवायचं आणि जवारीवाल्याला पंधरा दिवसांनी बोलवायचं, असं ठरवलं असतं तर समारंभ इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर झाला असता. पालकांना ते रुचलं नसतं. इथे तारीख जिंकली, आणि भेटवस्तूच्या बाबतीत ती जिंकणारच होती.

दांडीच्या कडांवर गेलेले पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. मात्र तेव्हा चांगली पेटी घेतली नाही. वाद्य अजूनही कापडी गवसणीतून फिरतं, आणि या वर्गाचा आधीचा तानपुरा प्रवासातच तडकला होता.

सध्याची स्थिती

जोडीचा दुसरा तानपुरा आता मागवला आहे. या वेळी ताईंनी मिरजेला जाऊन आधी भोपळा निवडला, टकटक करून, आणि सोबत लेखी चिठ्ठी दिली: काळी चार, खरज पितळी, तबलीवर लाखेचं एकच पातळ पॉलिश, नक्षी फक्त दांडीवर, पेटीसह, आणि पोचवण्याची तारीख डिसेंबर.